सालीसाठी बारुईपूर

मराठ्यांची धाड अडवायला खणलेला खंदक जिथून सुरू व्हायचा, त्या कोलकात्याच्या बागबाजारात मी साताऱ्याची मुलगी तीन वर्षं भाड्याने राहते. धाड कसली घालतेय, पेरूच्या साली वाटते. ऑक्सिडेटिव्ह ताणाने पेशींना जणू गंज चढतो. तो फळांच्या अर्काने रोखता येतो का, हा माझा पीएचडीचा विषय. बाजारातल्या पेरूंचे आकडे दर वेळी वेगळेच यायचे. शेवटी सर म्हणाले, "झाडावरचे आण. तीनदा सारखा निकाल आला तर पुढे जाऊ, नाहीतर हा विषय सोड." सोडला की थेट सातारा.

शनिवारी सकाळी सियालदहहून बारुईपूर लोकल धरली. तिकीट दहा रुपये, वेळ पाऊण तास. जाणार असाल तर दक्षिणेकडच्या गाड्यांचे फलाट वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, मी बर्फाचा डबा घेऊन भलत्याच टोकाला धावले. उतरल्यावर लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि आलूदम खाल्ला, एकटीनेच, मग टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, बागेत.

बाग एका माशीची, म्हणजे मावशीची. साल ताबडतोब बर्फात जायला हवी म्हणून हातमोजे घालून तिथेच सोलायला बसले.

"शाँशटा फेले देबे?" गर टाकून देणार? माशीला ते बघवेना. मी म्हटलं, तुम्हालाच ठेवते. ती शेजारी बसली. "एका एशेछो? शोंगे केउ नेई?"

एकटीच आलीस, सोबत कुणी नाही? इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी भराभर सोलत राहिले, कारण रडू येत होतं.

रविवारी प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळट होतो. खरं सांगू? तो जांभळाच राहावा असं मला वाटत होतं. घरी जायला तेवढं निमित्त पुरलं असतं. रंग उतरला. पुन्हा केलं, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदाही, आणि आकडे जवळजवळ सारखे.

बारुईपूरला जरूर जा. पेरूही घ्या आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा.

खोलीवर येऊन आईला फोन लावला. "आई, जमलं!"

"अगं बाई! अहो, ऐकलंत का, जमलं तिचं!" बाबांना हाक मारून झाल्यावर ती पुन्हा फोनवर आली.

"म्हणजे आता येत नाहीस."

"नाही ना गं," मी म्हटलं.