डोक्यावरचं गोंदण

हर्षदीपचे केस गेले ते त्याला न विचारता गेले, आणि जाताना तेलंगणाच्या हद्दीतल्या सगळ्या तामसी गावाला सांगून गेले. पंचविशीत कपाळ वर सरकलं, तिशीला टाळू उघडी पडली. गावच्या सरकारी शाळेत तो गणित शिकवायचा. फळ्याकडे वळला की पोरं मागून 'गुंडू सार' म्हणून कुजबुजायची. टकल्याला तेलुगूत गुंडू म्हणतात हे त्यालाही कळत होतं, पण न कळल्यासारखं करून तो बेरजा लिहीत राहायचा.

नोकरी पक्की, सुपारीचंही व्यसन नाही. बाप लहानपणीच गेला, आणि माय भागीरथा हिनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून त्याला मास्तर केलेलं. असा मुलगा खरं तर हातोहात जायचा. पण मुलगी बघून आलं की दोन-चार दिवसांत मायच्या फोनवर निरोप यायचा, आणि माय त्याला सांगायची, "तिले अजून शिकाचं हाये म्हने." जिल्ह्यातल्या इतक्या मुलींना एकाएकी शिक्षणाची हौस आली, याचं शिक्षक म्हणून त्याला कौतुक वाटायला हवं होतं. त्याला दोन-दोन दिवस जेवण जायचं नाही.

कांद्याचा रस झाला, तेलं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी तो नागपूरला जाऊन डोक्यावर ठिपके मारून आला. बारीक सुईनं टाळूत रंग भरतात, हजारो ठिपके. लांबून वाटावं, माणसानं नुकतीच मशीन फिरवली आहे. तिथल्या माणसानं बजावलं होतं की कडेचे खरे केस रोज तासायचे, आणि टाळू उन्हात चमकते म्हणून तिच्यावर मलम लावायचं, नाहीतर बिंग फुटेल. घरी आल्यावर भागीरथानं त्याला दारातच वाकायला लावून निरखलं.

"गोंदून आला काय रे डोक्शावर?" ती म्हणाली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लहानपणचं हिरवं गोंदण होतं. "चांगलं केलं. मेल्यावर बी गोंदन तेवढंच संगं येते."

हे कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं तिला शपथ घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ खरंच खपली. बोथ गावच्या तहसील कचेरीतले कारकून संघपाल यांच्या मुलीनं, रश्मीनं, त्याला पसंत केलं. तिच्या आईनं केस एवढे बारीक का, म्हणून विचारलं, तेव्हा 'उन्हाळ्याचं बरं पडतं' असं तो म्हणून गेला. लग्न ठरलं. रोज फोन सुरू झाले. रश्मी बोलायची भरभरून, हसायची त्याहून जास्त, आणि तीस वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेला हा माणूस तिच्यात पुरता बुडाला. मग एक दिवस ती सहज म्हणाली, लग्नापर्यंत केस थोडे वाढवा ना, फोटो चांगले येतील. तो म्हणाला, वाढवतो.

त्या एका शब्दानं त्याची झोप उडाली. शेतात पेरलं तर उगवतं, सुईनं पेरलेलं उगवत नाही. आरशापुढं उभा राहून तो टाळूवर हात फिरवायचा आणि रडकुंडीला यायचा. अशा वेळी माणसाला जी अक्कल सुचते ती त्याला सुचली. लग्नाआधी उन्हाळी सुटीत बोथजवळच्या विहारात श्रामणेर शिबिर होतं. दहा दिवस चीवर घालायचं, भिक्खूसारखं राहायचं, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचं मुंडण. लग्नात मुंडण केलेल्या नवरदेवाला केसांचं कोण विचारणार? उलट मान मिळेल. धर्माचा धर्म आणि सोयीची सोय. संघपाल तर हे ऐकून इतके हरखले, की कचेरीत सगळ्यांना सांगत सुटले.

मुंडणाच्या वेळी विहारातल्या वडील भिक्खूंची, भंतेंची, एक रीत होती. वस्तऱ्यानं उतरलेली पहिली बट ते ज्याची त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, याच्याकडे पाहा, हे तू नव्हे. पोरांच्या हातात काळेभोर झुबके पडले. हर्षदीपच्या हातात कडेच्या खुंटांचा चिमूटभर भुसा पडला. भंतेंनी तो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तेच शब्द म्हणून पुढं गेले.

मग शीलं घेतली. खोटं बोलणार नाही, हे एक. अंगाला सजवणार नाही, हे आणखी एक. त्यापायी मलमाची डबी पिशवीसकट जमा झाली. पहिले दोन दिवस सगळी डोकी सारखी दिसली आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं. पण गणिताच्या मास्तरानं साधा हिशेब केला नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवशी बाकीच्यांची डोकी काळी, खरखरीत व्हायला लागली. ह्याच्या कानांच्या वर तेवढे खुंट आले आणि मधली टाळू तेल लावल्यासारखी चमकायला लागली. चमकीखाली निळसर ठिपके, मोजून घ्यावेत असे. रोज पहाटे 'खोटं बोलणार नाही' ही ओळ तो अर्धवटच पुटपुटायचा.

त्यात भिक्षेची फेरी निघाली, आणि रांग अनवाणी बोथच्या गल्लीत संघपालांच्या दारी थांबली. मे महिन्याचं ऊन डोक्यावर. रश्मीनं पात्रात भात वाढला, वर पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या टाळूवर अडकली. तेवढ्यात पांढऱ्या केसांचे संघपाल चीवरातल्या होणाऱ्या जावयापुढं गुडघे टेकून तीनदा वाकले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. हर्षदीपला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

विहारात परतल्यावर तो भंतेंपुढं बसला आणि म्हणाला, "भंते, मी आता घरी जात नाही. मले इथंच ठेवा."

भंतेंनी त्याला बोलू दिलं. ठिपके, रश्मी, 'वाढवतो', सगळं. मग म्हणाले, "चीवर पांघरासाठी असते, लपासाठी नसते. जिच्यापासून पळून राह्यला, तिले आधी सांग. मंग ये."

शेवटच्या दिवशी चीवर उतरलं. पांढरे कपडे घालून तो बाहेर आला, तर संघपाल लोकांशी बोलत उभे होते आणि रश्मी विहारामागच्या पाण्याच्या टाकीपाशी. तो तिच्याकडे गेला.

"रश्मी, हे केस नोहेत. सुईनं गोंदलेले ठिपके हायेत. माह्या डोक्यावर केस येत नाहीत." एवढं बोलून त्यानं मान वाकवली.

तिनं बिचकत दोन बोटं टाळूवर ठेवली. बोटं घसरली. हात मागं घेऊन तिनं आधी काय केलं असेल, तर बोटांना रंग लागला का ते पाहिलं.

तिनं बोटं ओढणीला पुसली. मग रडतच म्हणाली, "तुमी खरं सांगतलं, तं मी बी खरंच सांगते. खोटं बोलले म्हनून लगन मोडलं, असं लोक म्हनतीन. तसं नाही. खोटं मी गिळलं असतं. पन मले टक्कल असलेला नवरा नको होता. पहिल्यापासूनच नको होता."

तिचा राग यावा असं त्याला फार वाटलं. आला नाही. बसमध्ये खिडकीशी बसून तो तामसीला आला तेव्हा संघपालांचा फोन त्याच्या आधी घरी पोचला होता. भागीरथा सुनेसाठी आणलेली लुगडी पुढ्यात घेऊन बसली होती. त्याला पाहताच ती सवयीनं म्हणाली, "मी म्हनते, तिले अजून शिकाचं असंन."

"नाही, माय. टक्कल नको म्हनली. तोंडावर सांगतलं तिनं." मग त्यानं विचारलं, "अन् त्या बाकीच्या?"

भागीरथानं लुगड्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "त्या बी तेच म्हनत," ती म्हणाली. इतकी वर्षं ती प्रत्येक नकार आपल्या पोटात ठेवून त्याला शिकणाऱ्या मुली सांगत आली होती. तो तिच्यापुढं बसला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. तिचा हात ठिपक्यांवरून फिरायला लागला.

"रडू नको, बाबू," ती म्हणाली. "राहू दे गोंदन. तेवढंच संगं येते."

"हे नाही येत, माय," तो म्हणाला. "हे चार-पाच वर्सात पुसून जाते."

तिचा हिरवा हात क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा त्याच्या डोक्यावरून फिरत राहिला.