धडा पहिल्यापासून

तालुका कचेरीतले एक कारकून आणि मी बोर्डीहून डहाणूला सकाळच्या एकाच बसनं जायचो. चिकूच्या टोपल्या टपावर चढेपर्यंत ते स्टँडच्या बाकावर बसून चिनी भाषेचे धडे मोठ्यानं म्हणत. महिन्यातून एकदा मुंबईला जाऊन ते एका चिनी दंतवैद्याकडून उच्चार घोटून घेत. वेद म्हणणाऱ्यांसारखा त्यांचा हात सुराबरोबर वरखाली व्हायचा. मध्ये कुणी बोललं तर उत्तर देऊन धडा पुन्हा पहिल्यापासून धरत.

"मधूनच उचलता येत नाही, मास्तर. पाठ आहे ते," मला म्हणायचे.

बासष्ट साली चीनशी लढाई पेटली, तरी त्यांचं धडे म्हणणं थांबलं नाही. मी मात्र बाकावर जरा लांब बसू लागलो. एका सकाळी फौजदार समोर येऊन उभे राहिले.

"काय चाललंय हे? अर्थ सांगा."

"धडा संपला की सांगतो, साहेब."

फौजदारांनी आणखी दोनदा अडवलं. दोन्ही वेळा कारकुनांनी शांतपणे उत्तर दिलं आणि पहिलं वाक्य धरलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात. अखेर फौजदार टोपी काढून आमच्या मध्ये बसले आणि त्यांनी अख्खा धडा ऐकला.

"आता सांगा."

"धाकट्या भावाला ताप आलाय. मोठा भाऊ औषध आणायला गेलाय. आई दारात उभी आहे."

फौजदार टोपी घालून निघून गेले. आमच्या दोघांत एक माणूस आरामात बसेल एवढी जागा मी केली होती, हे मला तेव्हा दिसलं. मी कारकुनांकडे सरकलो. त्यांनी मान न वळवता पुढचा धडा सुरू केला.