प्रश्न सतरावा: भागतं का?

उद्या तुमच्या दारात कोणी फॉर्म घेऊन उभं राहिलं आणि विचारलं, 'मुलांच्या कॉलेजचा खर्च भागतो का?' तर काय सांगाल? खरं बोला. 'भागतं' असंच ना? दार अर्धं उघडं, एक हात कडीवर, आणि परक्यांसाठी राखून ठेवलेलं ते हसू तोंडावर.

ते हसू फॉर्मवालीने चारशे अकरा घरांत पाहिलं. चारशे बारावं घर तिचं स्वतःचं.

तिला सगळे फॉर्मवालीच म्हणत. एका संशोधन संस्थेचं काम होतं. विषय भारदस्त, उच्च शिक्षणाचा खर्च आणि तो उचलण्याचे मार्ग. फॉर्मवालीच्या वाट्याला त्यातले जिने आले होते. कॉलेजचं तोंड न पाहिलेली ही बाई दुसऱ्यांच्या पोरांच्या कॉलेजची विचारपूस करत हिंडायची आणि त्याच पगारावर स्वतःच्या पोरीला रसायनशास्त्र शिकवायची. मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. फॉर्मवालीची मान त्यामुळे जराशी वरच असायची, आणि का नसावी?

फॉर्मावर चोवीस प्रश्न. सतरावा, 'खर्च भागतो का?' पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. संस्थेने बजावलं होतं की उत्तर येईल तशी खूण करायची, आपलं डोकं चालवायचं नाही.

पहिल्या फेरीत इस्त्रीवालीने बसायला स्टूल दिलं. तिचा मुलगा कॉलेजात, मुलगी शाळेत. कोपऱ्यात वही घेऊन बसलेली ती मुलगी मधेच म्हणाली, "काकू, तुमचं अक्षर किती वाईट आहे." तिघी हसल्या.

"खर्च भागतो का?"

"भागतं हो. न भागून सांगते कोणाला?"

फॉर्मवालीने 'होय'वर खूण केली.

वर्षाने दुसरी फेरी निघाली. तीच घरं, तेच प्रश्न. इस्त्रीवालीच्या कोपऱ्यात वही नव्हती. मुलगी टेबलाशी उभी राहून शर्टावर पाणी शिंपडत होती. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग.

"शाळा?"

"तिला तशी गोडी नव्हतीच," आई म्हणाली. "एक वर्ष थांबते म्हणाली."

मुलीने इस्त्री उचलली. ती शर्टावरून फिरवत राहिली.

"खर्च भागतो का?"

"भागतं."

वरच्या मजल्यावर निवृत्त ड्रायव्हर. भिंतीवर कपाटाएवढा चौकोन फिकट राहिलेला.

"कपाट कुठं गेलं, काका?"

"कॉलेजात गेलं," ड्रायव्हर हसला. "खोलीत हवा खेळती झाली बघ. लिही, भागतं."

त्या फेरीत फॉर्मवाली प्रश्नाआधी खोलीभर नजर फिरवायला लागली. दर घरात काहीतरी एक कमी झालेलं. कुठे कपाट, कुठे गॅलरीतली सायकल, कुठे आजोबांची गोळी रोजची होती ती दिवसाआड. उत्तर मात्र जागच्या जागी. ती मुकाट खूण करायची, पण कागद उलटून पाठीमागे पेन्सिलीने लिहायची, 'कपाट. बहिणीची शाळा. गोळी.'

भागतं. काय शब्द आहे बघा. भागाकारातलं भागणं तेच, थकल्याभागल्या माणसातलं भागणंही तेच. अख्खी वस्ती एका शब्दात सांगत होती की आम्ही स्वतःला भागून देतोय, आणि फॉर्म ऐकत होता, मजेत आहे.

अहवाल आला. दहातल्या नऊ घरांचा खर्च भागतो, सबब फी वाढवायला वाव आहे. फॉर्मवाली पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. पाठकोरे कसले, भरलेलेच होते ते.

"साहेब, भागतं म्हणजे होय नव्हे."

"मग काय?"

"लाज आहे ती. पांघरूण आहे."

"लाजेला चौकट नाही, बाई."

"म्हणून मागे लिहिलंय. बघा तरी."

"मशीन पुढचीच बाजू वाचतं." साहेब वाईट माणूस नव्हते, आवाज चढवत नसत. "आणि पुढे सह्या तुमच्याच आहेत. चारशे बारा. आता चूक म्हणालात तर चौकशी कोणाची लागेल? सोमवारपासून तिसरी फेरी. जमेल ना?"

"जमेल," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला ओळखीचा वाटला. दार अर्धं उघडं ठेवून बोलणाऱ्यांचा.

घरी मुलगी कॉलेजचं पत्र घेऊन बसली होती. तिसऱ्या वर्षाची फी दीडपट, महिनाअखेरपर्यंत. नवरा शिलाई मशीनवर. त्याला सगळे मास्तर म्हणत.

"बाबा म्हणतात, भागेल," मुलगी म्हणाली.

फॉर्मवालीने पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

"आता घरातच पाहणी?" मास्तर हसले. "बसा बाई. पाणी देऊ?"

"प्रश्न सतरावा. खर्च भागतो का?"

"भागतो."

"कशातून?"

"असा प्रश्न आहे त्यात?"

"नाही."

मशीन थांबलं. मास्तरांनी सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. "तेवढा ओवून दे. मघापासून जमेना."

तिने सुई घेतली आणि मग मशीनखालचा शर्ट पाहिला. शर्ट पांढरा, शिवण काळ्या दोऱ्याची, कॉलरपासून खालपर्यंत. डोळ्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले होते, दिसतंय की. दोन्ही वेळा घरच्या फॉर्मवर 'होय'ची खूण तिनेच केली होती.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. मुलीने शर्ट पाहिला, आईकडे पाहिलं, आणि पत्राची घडी घातली.

सोमवारी फॉर्मवालीने सुरुवात घरापासून केली. दोन्ही चौकटी सोडून, पुढच्याच बाजूला, शाईने लिहिलं, 'वडिलांच्या डोळ्यांतून.' मग इस्त्रीवालीकडे गेली. 'कशातून?' ऐकून इस्त्रीवालीने आधी दार लावलं. फॉर्मवाली पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने दार उघडलं ते मुलीने. "माझ्या शाळेतून लिहा काकू," ती म्हणाली, "नीट अक्षरात."

अशी सदतीस घरं झाली. गुरुवारी संस्थेने तिचं ओळखपत्र काढून घेतलं. फॉर्म मशीनने परत फेकले होते. फी भरायला सोळा दिवस उरलेत आणि पगार बंद आहे. काल मुलगी भाजी निवडताना सहज म्हणाली, "आई, मी एक वर्ष थांबते."

फॉर्मवालीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. हे वाक्य तिने कुठल्या घरात ऐकलं होतं, ते तिला पक्कं आठवत होतं.

तिच्या जिन्यांवर आता नवा माणूस लावलाय. नम्र आहे, अक्षरही चांगलं आहे. आज ना उद्या तो तुमची बेल वाजवेल आणि सतराव्या प्रश्नाशी पेन टेकवेल. तेव्हा तेवढं हसू बाजूला ठेवा. भागतं म्हणू नका. कशातून ते सांगा, आणि तो ते पुढच्या बाजूला लिहीपर्यंत दार लावू नका.