दमणगंगेकाठची विझलेली भट्टी

पिपरियाच्या अलीकडे वापीहून येणारी प्रवासी जीप पंक्चर झाली, म्हणून दमणगंगेवरचा पूल मी पायीच ओलांडला. समोर नदीकाठच्या वीजघराची चिमणी दिसली, अजून धूर सोडणारी. माझा धाकटा भाऊ सुरेश तिथे बॉयलरवर होता. वीजघर बंद होणार असं कळलं, तेव्हा त्याला अमळनेरला परत न्यायला मी सिल्वासाला आलो होतो.

“भाऊ, बरं झालं आलात,” तो म्हणाला. “उद्याच भट्टी थंड करताहेत.”

ऐंशीच्या दशकात करसवलतीमुळे इथे कारखाने आले. सरकारी विजेचा भरवसा नव्हता, म्हणून एका कापडगिरणीने कोळशावर चालणारं स्वतःचं वीजघर बांधलं. पाणी नदीचं, कोळसा वापीहून. आता बाहेरून हवी तेवढी वीज मिळत होती आणि कोळसा परवडेनासा झाला होता.

संध्याकाळी सुरेशच्या डोकमर्डीतल्या खोलीवर जमनाबाई आली. ती वीजघरात राख वाहायची. तिने आमच्यासाठी नागलीचे रोटले (नाचणीच्या जाड भाकरी) आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणलं होतं. मी शेतीची चौकशी केली.

“राखेचा डोंगर हाये ना, तठंच आमचं भाताचं शेत व्हतं,” ती म्हणाली. “शेत गेलं तवा बा रडला. मंग म्हनला, पोरीला नोकरी तरी लागली. आता ती बी गेली.”



दुसऱ्या दिवशी कामगार बायकापोरांसह जमले. कोळसा टाकणं थांबलं. भट्टीतला लाल उजेड हळूहळू काळवंडत गेला, घरघर मंदावली. सुरेश बॉयलरच्या कोमट भिंतीला हात लावून उभा राहिला.

“पहिला नारळ फुटला तेव्हाही मी इथेच होतो,” तो म्हणाला.

“चल आता घरी.”

“घर यीसन काय करसू, भाऊ?” (घरी येऊन काय करू?) “मसाटच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय. जमनाबाईसाठीही विचारलं. वय झालं म्हणाले.”

मी आग्रह केला, पण त्याने नकारार्थी मान हलवली.

परतताना जीपमध्ये शेजारी एक गुजराती दुकानदार होता. बंद चिमणीकडे बघून तो समाधानाने म्हणाला, “धूर गेला. आता हवा चोख्खी.”

हवा खरंच स्वच्छ होती. हे वीजघर तिथे उभं राहायलाच नको होतं, असंही मला वाटत होतं. पण ते गेलं म्हणून जमनाबाईचं शेत काही परत येणार नव्हतं. मी नुसतं “हो” म्हणालो आणि वापी येईपर्यंत बाहेर बघत राहिलो.