हिंगणीच्या स्लॅबवर अंटार्क्टिकाचे आकडे

आकडे आले तेव्हा मी हिंगणीला आमच्या वावरात वांगी तोडत होते. फोन वाजला, मेलवर मैत्रिणीचं नाव दिसलं, पण मेल काही उघडेना. वावरात नेटवर्क धड येत नाही. टोपली बांधावर ठेवली आणि मी घराकडे पळत सुटले.

आई मागून ओरडली, "काय झालं वं? काऊन पळून राह्यली?"

"आकडे आले, आई!"

कसले आकडे, हे तिला ठाऊक होतं. वर्षभर मी फोनवर दुसरं काही बोललेच नव्हते. समुद्रकाठच्या एका संस्थेत मी संशोधन करते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ बर्फात खोल भोक पाडून काढलेली बर्फाची कांडी आमच्या शीतगृहात आली होती. तिथे पडलेलं हिम वितळत नाही. यंदाचं हिम गेल्या वर्षीच्या हिमावर बसतं, दबतं आणि त्याचा बर्फ होतो. म्हणजे जितकं खोल जावं, तितकं जुनं वर्ष. ती कांडी उभी चिरून अर्धी राखून ठेवली होती. उरलेल्या अर्धीचे मी बोटभर जाडीचे तुकडे कापले, एकेक बाटलीत वितळवले आणि यंत्राच्या रांगेत लावले. रांग संपायला बरेच दिवस लागणार होते, म्हणून यंत्र संस्थेतल्या मैत्रिणीवर सोपवून घरी आले होते.

पाण्यावरून थंडी कशी कळते, हे आईला मी आल्या दिवशीच सांगितलं होतं. सगळं पाणी सारखं नसतं. काही कणांमधला ऑक्सिजन जरा जड जातीचा असतो. समुद्रावरून निघालेली वाफ ध्रुवाकडे जाताना गार होत जाते आणि वाटेतल्या पावसातून, हिमातून जड कण आधी गळून पडतात. थंडी जितकी जास्त, तितका शेवटी पडणारं हिम हलकं.

"म्हंजे हलकं पाणी असलं का थंडी, जड असलं का गरमी," आई भाकर थापता थापता म्हणाली होती. "एवढंच? अन् याच्यासाठी तुले इतकी वर्षं लागून राह्यली?"

धापा टाकत मी स्लॅबवर चढले. तिथे नेटवर्क येतं. वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीशेजारी लॅपटॉप ठेवला, आकडे उतरवले आणि आलेख काढला. पडद्यावर लाटा उमटल्या! एक वर, एक खाली, पुन्हा वर. उन्हाळा, हिवाळा, उन्हाळा. कुणीही न पाहिलेले ऋतू माझ्यासमोर ओळीनं उभे होते. मी एकटीच मोठ्यानं हसले.

आणि मध्यावर एक शिखर दिसलं. बाकीच्या लाटांच्या दुप्पट उंच. तिथलं पाणी भलतंच जड होतं. अंटार्क्टिकात एकाएकी इतकी ऊब? असं काही कुणी पाहिलं नव्हतं. डोक्यात शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा तयार झालं.

तेवढ्यात आई वर आली. मी तिला शिखर दाखवलं. तिनं पदरानं घाम पुसला आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"इथंच काऊन? आजूबाजूले तर काईच नाई."

"तेच तर! अचानक झालं असेल."

"त्या बाटल्यांची झाकणं बरोबर लागली होती ना?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात हौदातलं पाणी आटलं का उरलेलं कसं मचूळ होते. तुह्या बाटलीतलं पाणी उडून गेलं असन, तं उरलं ते जडच राहीन ना?"

मचूळपणाचं कारण वेगळं, पण तिचं म्हणणं खरं होतं. पाणी उडतं तेव्हा हलके कण आधी जातात. मी घाईघाईनं हायड्रोजनचे आकडे काढले. हायड्रोजनलाही जड भाऊ असतो, आणि ध्रुवावरच्या हिमात हे दोन जड भाऊ बहुतेक ठरावीक प्रमाणात चढतात-उतरतात. पाणी उडालं की ते प्रमाण बिघडतं. शिखराच्या जागी ते साफ बिघडलं होतं.

मैत्रिणीला फोन लावला. ती बाटल्यांचा ट्रे घेऊन आली आणि एकेक झाकण तपासू लागली. "एक पूरी लाइन ढीली है," ती म्हणाली. ती रांग मी शेवटच्या दिवशी, गाडी चुकेल म्हणून घाईत बंद केली होती. शिखर अंटार्क्टिकाचं नव्हतं, माझं होतं.

"आता?" आईनं विचारलं.

"अर्धी कांडी आहे अजून."

मैत्रिणीनं त्याच खोलीचे तुकडे पुन्हा कापले. पुढचे चार दिवस मी कोबी काढला, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधल्या आणि दर तासाला स्लॅबवर धावले. पाचव्या दिवशी दुपारी आकडे आले. शिखर गेलं होतं, आणि त्याच्या जागी तीन नेटक्या लाटा होत्या. मधली तुटलेली साखळी जुळली होती! आता वरून खालपर्यंत एकही वर्ष न गाळता मोजता येत होतं. आधीच्या शिखरानं झाला नव्हता इतका आनंद मला त्या तीन साध्या लाटांनी झाला. मी आईला मिठीच मारली.

"सोड, डाळीत पाय पडून राह्यला," ती म्हणाली. मग हळूच, "मी झाली त्या साली कशी होती थंडी तिकडे?"

मी वरून लाटा मोजत खाली जाऊ लागले.

"दाखल्यावरचं साल नको धरजो. गुरुजीनं वय एक वर्ष वाढवून देल्लं होतं."

मी एक लाट परत वर आले. "एकाच वर्षाचं नक्की सांगता येत नाही, आई. पाच-दहा वर्षांचं मिळून सांगायचं असतं."

"अंदाजानं सांग ना."

"आजूबाजूच्या वर्षांपेक्षा थोडी जास्त थंड दिसते."

तिनं त्या लाटेवर बोट ठेवलं आणि कठड्यावरून खाली वाकून बाबांना हाक मारली. ते अंगणात गाडी पुसत होते.

"अहो, आयकलं काय? मी झाली त्या साली तिकडे थंडी जास्त पडलती म्हन्ते!"

बाबा फडकं हातात घेऊनच जिना चढून आले. चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉपपुढे उकिडवे बसले.

"माहं साल दाखव बरं," ते म्हणाले.