धाकलूनं हात केला

धाकलूला तुम्ही बघितलंय. नाव माहीत नसेल, पण बघितलंय. मागच्या वर्षी ती क्लिप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. चौक फाट्याजवळचा रस्ता, सकाळची वेळ, हिरव्या सायकलवर मफलर बांधलेला माणूस आणि मागून दुधाचा टेंपो. माणूस हात वर करतो, उजवीकडे वळतो, आणि त्यापुढचं कुणी नीट बघत नाही. सगळी मिळून अकरा सेकंदं. त्यात आवाज नाही, कारण कॅमेरा मुका आहे. माझ्या गॅरेजशेजारच्या हार्डवेअरवाल्यानं तो चोरांसाठी लावलाय.

मी हिरामण. गॅरेज माझं. कॅमेरा माझ्या डोक्यावर आणि तोंड रस्त्याकडे, म्हणून मी त्यात कुठंच दिसत नाही. पण धाकलू जो हसतोय ना, तो माझ्याकडे बघून हसतोय. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मला धीर व्हायचा नाही.

पाच भावांतला सगळ्यात धाकटा, म्हणून धाकलू. कागदावरचं नाव वेगळं होतं, ते मलाही पोलिसांनी विचारलं तेव्हा आठवेना. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढं मी पान्याला लागलो आणि तो भाताच्या गिरणीत. गिरणीच्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. गिरणी बंद पडल्यावर तो कर्जत रोडच्या एका फार्महाउसवर रात्रपाळीचा वॉचमन झाला. मालक मुंबईचे, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. धाकलूनं त्यांच्या सगळ्या कुंपणावर वाल चढवला होता. मालकीणबाईंना वाटायचं शोभेचा वेल आहे, त्या वेलासमोर उभ्या राहून फोटो काढायच्या. शेंगा धाकलू पिशवीतून घरी न्यायचा आणि मला सांगून पोट धरून हसायचा.

पाळी संपवून रोज सकाळी सातला तो माझ्या समोरून जायचा. तो रस्त्याच्या डाव्या अंगानं, माझं गॅरेज उजव्या अंगाला. मी रोज ओरडायचो, "ए धाकल्या, चाय घे रं!" तो रोज हात करायचा आणि पुढं जायचा. नऊ वर्षं. एक दिवस थांबला नाही. त्याचं म्हणणं, पहिला चहा चंद्राच्या हातचा, गवती चहा टाकलेला. तो पोटात गेल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. चंद्राबाई म्हणजे त्याची बायको. मी चिडवायचो, "बायकोला घाबरतोस भ्याडा!" तो मान डोलवायचा. आमची ती रोजची गंमत होती. आपल्याकडे ओळखीचा माणूस समोरून गेला आणि हाक मारली नाही, तर ते भांडण झाल्यासारखं दिसतं.

त्या दिवशी माझ्याकडे पेढे होते. माझ्या समीक्षाला पनवेलला नोकरी लागली होती. मी पुडा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होतो. धाकलू दिसल्यावर ओरडलो, "थांब रं! पेढा हाय! पोरगी नोकरीला लागली! आज नाय थांबलास तर परत तुला हाक मारायचा नाय!"

त्यानं मान वळवली, हसला, मला हात केला आणि सरळ माझ्याकडे वळला.

टेंपोवाल्याला वेळच मिळाला नाही. मी उभा होतो ना तिथं, मला माहीत आहे. तो हळू होता. ब्रेकसुद्धा मारला त्यानं. पण धाकलू ज्या तऱ्हेनं आडवा आला, तिथं कुणाचाही इलाज चालला नसता.

तासाभरानं पोलीस जबाब लिहून घ्यायला आले. काय बघितलं, असं विचारलं. मी म्हणालो, "धाकलूनं हात दाखवला आन् वळला."

हात दाखवला. हात केला नाही म्हणालो. हात केला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, कुणाला? म्हणून जीभ आपसूक त्या दुसऱ्या शब्दावर गेली. मी ती मागं घेतली नाही. हाकेचं तर नावच काढलं नाही. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दानं धाकलू नियमानं वळणारा झाला आणि मागून येणारा संतोष, कडावचा सव्वीस वर्षांचा पोरगा, इशारा न बघता गाडी घालणारा झाला. त्याच्यावर केस उभी राहिली.

मग ती क्लिप बाहेर गेली. कुणी घातली देव जाणे. आणि काय सांगू तुम्हाला, माणसं तुटून पडली! एक म्हणाला, हात आडवा आहे म्हणजे उजवीकडे वळण्याचा इशारा, कायद्यात तसंच आहे. दुसरा म्हणाला, आडवा कुठाय, वर आहे, म्हणजे थांबण्याचा इशारा. तिसऱ्यानं चित्रावर रेघा मारून हाताचा कोन मोजला. हेल्मेट नव्हतं म्हणून एक गट धाकलूला शिव्या द्यायला लागला, तर दुसरा गट म्हणाला, सायकलवाल्यानं हेल्मेट का घालावं, टेंपोवाल्यानं डोळे घालावेत. मग रस्ता रुंद कुणी केला, सायकलची पट्टी कुणी खाल्ली, ठेकेदार कुणाचा, असं करत ते पुढाऱ्यांवर गेले आणि तिथून एकमेकांच्या आईबापांवर. धाकलूचं नाव कुणी घेतलं नाही. तो "सायकलस्वार" होता, नाहीतर "मयत".

एका हुशार माणसानं कॉम्प्युटरकडून ती क्लिप स्वच्छ करून घेतली. त्यात धाकलूचा चेहरा एकदम लख्ख आला, पण तो धाकलूचा नव्हता. दात सरळ, गाल भरलेले. आणि हाताला पाचही बोटं धड! गिरणीत गेलेलं बोट त्या यंत्रानं परत लावलं होतं. लोक त्या बोटाकडे बघून म्हणत होते, बघा, बोट रस्त्याकडे आहे, म्हणजे वळण्याचाच इशारा. मी ते बघितलं आणि मोबाइल पालथा घातला.

सगळ्यात वर एक वाक्य चिकटवलेलं असायचं: प्रत्यक्ष साक्षीदारानंही हात दाखवल्याचं सांगितलं आहे. तो साक्षीदार मी. सगळं भांडण माझ्या एका शब्दाला धरून चाललं होतं.

मला सवय लागली. गिऱ्हाईक नसलं की मोबाइल काढायचा आणि ती अकरा सेकंदं बघायची. दर वेळी तो मान वळवतो. दर वेळी माझ्याकडे बघून हसतो. भर दुपारी, उन्हात, कामाच्या मध्ये मला माझाच आवाज ऐकू यायचा, थांब रं. मुक्या क्लिपमधून यायचा. मी कान चोळायचो, रेडिओ मोठा करायचो. गॅरेजात बसलेली माणसं विचारायची, "हिरामणशेठ, काय झालं वो?" मी म्हणायचो, उष्णता.

दिवाळीनंतर मुंबईहून सायकलवाल्यांचा एक गट आला. चांगली माणसं होती, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. धाकलूची आठवण म्हणून एक जुनी सायकल पांढरी रंगवून खांबाला बांधायची म्हणाले. जगभर असं करतात म्हणे. रंगवणार कोण, तर समोरचा गॅरेजवाला. मी नाही म्हणू शकलो नाही. दोन हात पांढरे मारले, चेनसकट. आता ती सायकल माझ्या बरोब्बर समोर उभी असते. सकाळी सात वाजता मी तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. तरी पाठीला कळतं.

उन्हाळ्यात संतोष आला. मला वाटलं, शिव्या घालायला आला. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. वाळून गेला होता. त्याचा फोटो, गाव, घराचा नंबर, सगळं लोकांनी टाकलं होतं, खाली "खुनी" लिहून. त्याची बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती.

"काका," तो म्हणाला, "मी रोज ते वाचतो. सगळे म्हंतात हात दाखवला. मला आठवतं तसं, त्यांनी कुणाला तरी हात केला. पन एवढी शिकलेली माणसं म्हंतात, कोन मोजून म्हंतात. आन् तुमी तर समोर व्हता. तुमी सांगितलंत म्हंजे दाखवलाच असंल. मीच बघितला नसंल." मग म्हणाला, "पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करतो. म्हंजे निदान डोक्यातलं थांबंल."

मी त्याला म्हटलं, "पानी पी." एवढंच म्हटलं. लाज वाटते सांगायला.

तो गेल्यावर मी मोबाइल काढला आणि क्लिपखाली माझ्या नावानं लिहिलं: हाक मी मारली होती. त्यानं मला हात केला. टेंपोवाल्याची चूक नाही.

पाच मिनिटांत उत्तरं आली. "किती मिळाले काका?" "फेक अकाउंट, तक्रार करा." "क्लिपमध्ये दुसरा माणूस कुठे आहे, दाखवा." एकानं फार सभ्यपणे विचारलं, आपल्या म्हणण्याला आधार काय? अरे बाबा, मी मारली हाक, माझ्या गळ्यातनं निघाली, आता आधार कुठून आणू? संध्याकाळपर्यंत माझं वाक्य त्या गर्दीत खाली कुठं गेलं ते मलाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी शटर लावलं आणि धाकलूच्या घरी गेलो. त्याच्या दिवसांनंतर पहिल्यांदा. चंद्राबाई पडवीत तांदूळ निवडत होती. आत भिंतीवर सायकलवाल्यांनी दिलेलं मानपत्र होतं, "नियम पाळणारा सायकलस्वार" असं लिहिलेलं.

"वैनी," मी म्हणालो, "धाकलूनं हात दाखवला नव्हता."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"तुमाला कसं?"

"त्यांनी जल्मात कदी वळायला हात दाखवला नाय. रस्ता ओलांडायचा तर सायकलवरनं उतरायचे. दोनी बाजू बघायचे आन् ढकलत न्यायचे. मी त्यावरनं हसायची त्यांना." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "हात ते तुमालाच करायचे. घरी येऊन सांगायचे ना, आज पन हिरामण बोंबलला. मी पयल्या दिवशीच वळकलं, भावजी. वर्स झालं, तुमची वाट बघते."

मी पडवीच्या कडेला बसलो.

"मला एकच कळत नाय," ती म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती. "नव वर्सं नाय थांबले, मंग त्या दिवशी न उतरता कसे वळले? काय बोललात तुमी त्यांना?"

तिला केस नको होती, मानपत्र नको होतं. तिच्या नवऱ्याच्या कानावर शेवटचं काय पडलं, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते सगळ्या जगात फक्त माझ्याकडे होतं. मी ते वर्षभर दाबून बसलो होतो. मी सांगितलं. पेढा, समीक्षाची नोकरी, आणि ते परत हाक मारायचा नाय, तेही. शब्दन् शब्द सांगितला.

"पेढ्यापायी?" ती म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. "साखर वाढलीय म्हनून मी बंद केलं व्हतं त्यांना गोड. चोरून खायाला वळले व्हय!" मग पदर तोंडात कोंबून रडली. मला रडायचा हक्क नव्हता, मी जमिनीकडे बघत राहिलो.

शेवटी तिनं डोळे पुसले. "त्या पोराची तारीख कदी हाय?"

"सोमवारी."

"जावा. मी पन येते."

सोमवारी खालापूरच्या कोर्टात मी जबाब फिरवला. मी आधीच जाऊन सांगितल्यावर संतोषच्या वकिलानं त्याला कबुली देण्यापासून थांबवलं होतं. सरकारी वकील चिडले, साक्षीदार फुटला म्हणाले. मी म्हणालो, फुटलो नाही साहेब, आधी खोटं बोललो होतो, एक शब्द. हात केला आणि हात दाखवला यातला फरक मी समजावून सांगायला लागलो. जज्जसाहेबांना तो सांगावा लागला नाही, ते आपल्याकडचेच असावेत.

सरकारी वकील दोन पावलं पुढं आले. "म्हणजे तुमचं म्हणणं, तुम्ही हाक मारली म्हणून मयत वळला?"

"होय."

"आणि तुम्ही हाक मारली नसती तर?"

बाकावर संतोष होता. त्याच्या मागं चंद्राबाई. ती माझ्याकडेच बघत होती.

"तर तो घरी गेला असता," मी म्हणालो.

टायपिस्टनं मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. जज्जसाहेब म्हणाले, "मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो.