तीन तास पुढे

गल्लीत सगळे त्यांना घड्याळमामा म्हणत. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदाला लावून देणारे मामा स्वतः मात्र सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला कायम उशिरा उगवायचे, आणि बायकांच्या बाजूने मामी डोळे वटारायच्या. मामींनी जन्मात योम किप्पूरचा उपवास मोडला नव्हता. ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस तो. पंचवीस तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर रागावले. धर्मगुरूंनी घरी येऊन बजावलं, "आजाऱ्याने खाणं हाच धर्म." पण ऐकतील तर त्या मामी कसल्या!

"अहो, चांदण्या उगवल्याशिवाय मी तोंड उघडायची नाही," म्हणाल्या आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

दुपारी चारला त्यांची जीभ वळेना. मामांनी जाड पडदे ओढले. त्या दिवशी दिव्याला हात लावायचा नसतो, तरी लावला. मग घरातली झाडून सगळी घड्याळं तीन तास पुढे केली. टोल्यांच्या घड्याळाने सात ठोके दिले.

"सुटला गं उपवास," मामा म्हणाले.

मामी पाणी प्यायल्या, औषध घेतलं, चार चमचे दूध घेतलं. "यंदाचाही तडीस गेला हो!" म्हणत इतक्या गोड हसल्या, की मामांना मान वर करवेना. आठवड्याने त्या गेल्या.

वर्षभर मामा आतल्या आत जळत राहिले. माणसाला फसवलं तर देव परस्पर माफ करत नाही. माफी त्या माणसाचीच मागावी लागते. ते माणूस गेलं असेल, तर दहा जणांना कबरीवर न्यायचं आणि त्यांच्यासमोर अपराध बोलून दाखवायचा. यंदा उपवासाच्या आदल्या दिवशी मामांनी दहा जण गोळा केले. त्यांत धर्मगुरू होते, मामींचा धाकटा भाऊही होता.

मामांनी दगडावर हात ठेवला. "मी तुला..." एवढंच म्हणाले. ते हसू डोळ्यांसमोर उभं राहिलं. आता बोललं, तर तिचा उपवास मोडणार होता, तोही दहा साक्षीदारांदेखत.

"काय केलंत, दाजी?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"काही नाही. चला घरी."

"अहो, पण माफी?"

"नको मला माफी!" मामा भर उन्हात ढसाढसा रडू लागले. "तिचे सगळे उपवास पुरे झालेत. एकूण एक."